तळहाताची वीज आणि बंबाचा हिशोब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. आठवणी सांगण्याचं काम माझ्याआधी बोललेल्यांनी इतकं चांगलं केलं आहे की मी त्या वाटेला जात नाही. मी आज एका प्रश्नाचं उत्तर द्यायला उभा आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला होता. मनगटाला पट्टा बांधा आणि अंगातल्या उष्णतेवर मोबाइल चार्ज करा, असं त्यात सांगितलं होतं. बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले, दोघांनी ‘कुठे मिळतो?’ असं विचारलं. आपली एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने मला वेगळं लिहिलं, “तू जन्मभर उष्णतेच्याच मागे होतास. हे खरं आहे का? माझी पोरं विचारतायत.”

‘खरं आहे’ म्हटलं तरी ते अर्धवट, आणि ‘खोटं आहे’ म्हटलं तरी अर्धवट. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी माझ्या कामाबद्दल. मी साखर कारखान्यात होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे नेमकं काय करत होतो हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मी इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. बॉयलरमधल्या वाफेचं तापमान, दाब, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं नीट ठेवायची, हे आमचं काम. वाफ किती तापली आहे हे पाहायला तिथे काचेचा थर्मामीटर टिकत नाही. तिथे थर्मोकपल लागतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा घ्यायच्या, एका टोकाला वितळवून जोडायच्या आणि पोलादी नळीत बसवायच्या. जोड गरम वाफेच्या बाजूला, मोकळी टोकं बाहेर. त्यात सेल नाही, बॅटरी नाही. तरी मोकळ्या टोकांना मीटर लावला की विभवांतर दिसतं. आम्ही वापरायचो त्या क्रोमेल-अल्युमेलच्या जोडीत एका अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट मिळतात. वाफ 485 अंशांवर असेल आणि थंड टोक शून्य अंशावर धरलं, तर जवळजवळ 20 मिलिव्होल्ट होतात. टॉर्चच्या एका सेलचे पंच्याहत्तर भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा विजेवर नजर ठेवून कंट्रोल रूममधला माणूस लाखमोलाची टरबाइन सांभाळतो.

तेव्हा तापमानातल्या फरकातून वीज मिळते, हे शंभर टक्के खरं. आणि ही गोष्ट नवीनही नाही. 1821 साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेक यांनी दोन धातूंच्या पट्ट्यांचं कडं केलं, एक जोड तापवला आणि शेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. त्यांना वाटलं, उष्णतेने चुंबकत्व तयार झालं. त्याच्या आदल्याच वर्षी डेन्मार्कच्या ओरस्टेड यांनी दाखवलं होतं की तारेतून विद्युतधारा गेली की होकायंत्राची सुई वळते. म्हणून ओरस्टेड यांनी ओळखलं की इथे आधी वीज तयार होते आणि मग सुई हलते.

आपल्या विज्ञानाच्या सरांसाठी एक गोष्ट मुद्दाम आणली आहे. सर, तुम्ही आम्हाला ओहमचा नियम शिकवलात. विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. तो नियम शोधताना 1826 मध्ये गेओर्ग ओहम यांच्यापुढे अडचण अशी होती, की त्या काळातले सेल स्थिर वीज देत नसत. प्रयोग चालू असतानाच त्यांचा जोर उतरायचा. मग त्यांनी बिस्मथ आणि तांबं यांची जोडी घेतली. एक जोड उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही तापमानं जागची हलत नाहीत, म्हणजे विभवांतरही हलत नाही. दहावीला आपण घोकलेला नियम या इवल्याशा विजेच्या आधाराने सापडलेला आहे. वीज कमी होती, पण ओहम यांना जे हवं होतं, स्थिरपणा, तो तिच्यात होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी पुढे त्याच्याकडे येणार आहे.

आता तळहाताकडे वळू.

पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘पेल्टिअर मॉड्यूल’ मागितलं तर दोन-अडीचशे रुपयांत एक पांढरी चौकोनी चकती मिळते. चार सेंटिमीटर लांब, चार रुंद, जाडी बिस्किटाएवढी. गाडीत ठेवायच्या छोट्या फ्रिजमध्ये हीच असते. झां पेल्टिअर या फ्रेंच माणसाने 1834 मध्ये उलटी गोष्ट दाखवली होती. अशा जोडातून वीज सोडली की एक बाजू थंड होते आणि दुसरी गरम. आजच्या चकतीत धातूच्या तारा नसतात, बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाचे बारीक ठोकळे असतात. त्यांच्या 127 जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून सगळ्यांचं विभवांतर मिळवलं जातं. एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड ठेवलं, की दर अंशाला साधारण 50 मिलिव्होल्ट.

ही चकती मनगटावर बांधली असं समजा. शांत बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. या सभागृहात आपण दीडशे जण आहोत, म्हणजे 15 किलोवॅट झाले. पंखे चालू असून का उकडतंय, ते कळलं असेल. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण ती उष्णता सगळ्या अंगावर पसरलेली आहे. चार बाय चारच्या चकतीच्या वाट्याला तिचा शंभरावा भागसुद्धा येत नाही. शिवाय कातडी 34 अंशांवर आणि हवा 24 अंशांवर असली, तरी तो दहा अंशांचा फरक चकतीच्या दोन बाजूंमध्ये उतरत नाही. बाहेरच्या बाजूची उष्णता हवा झटकन उचलत नाही, त्यामुळे ती बाजूही तापते. पत्र्याचे पंख लावले, वारा असला, तर एखादा अंश फरक टिकतो. सोयीसाठी पूर्ण एक अंश धरू.

एक अंश म्हणजे 50 मिलिव्होल्ट. चकतीचा स्वतःचा रोध साधारण 2 ओहम. त्यातून जास्तीत जास्त शक्ती मिळते ती 0.3 मिलिवॅट. आजच्या साध्या स्मार्टफोनच्या बॅटरीत 15 वॅट-तास मावतात. भागाकार करा. 50,000 तास. पावणेसहा वर्षं! पोरगं पहिलीत असताना फोन चार्जिंगला लावला, तर सहावी संपत येईल तेव्हा काढायचा. आणि तेवढ्या वेळात फोन नुसता पडून राहिला तरी यापेक्षा कितीतरी जास्त वीज खाऊन बसेल. म्हणजे तो कधीच भरणार नाही.

असं का होतं, हे समजायला भंडारदऱ्याची सहल आठवा. रंधा धबधब्यापाशी सरांनी सांगितलं होतं, पाणी किती आहे यावर सगळं ठरत नाही, ते किती उंचावरून पडतंय हेही बघायचं. फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी 1824 मध्ये उष्णतेला हाच दाखला लावला. उष्णता म्हणजे पाणी आणि तापमान म्हणजे उंची. आपल्या अकोले तालुक्यातल्या घाटघरला वरच्या धरणातलं पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली सोडतात आणि 250 मेगावॅटचा प्रकल्प चालतो, तो त्या कड्याच्या उंचीवर. शरीराच्या उष्णतेला कडा नाही, उंबरठा आहे. कार्नोंच्या नियमाने हिशोब केला, तर 34 अंशांवरून 24 अंशांवर उतरणाऱ्या उष्णतेतला जास्तीत जास्त सव्वातीन टक्के भाग कामाला येऊ शकतो. हे निसर्गाने घातलेलं बंधन आहे, यंत्र कितीही चांगलं केलं तरी ते ओलांडता येत नाही. आणि आजचे अर्धवाहक त्या बंधनाच्याही पाचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंतच पोचतात.

आणि आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. 2013 मध्ये कॅनडातल्या ॲन माकोसिन्स्की या शाळकरी मुलीने तळहाताच्या उष्णतेवर चालणारा टॉर्च बनवला आणि गूगलच्या विज्ञान स्पर्धेत तिच्या वयोगटाचं बक्षीस मिळवलं. तिच्या फिलिपाइन्समधल्या मैत्रिणीच्या घरी वीज नव्हती आणि त्यामुळे तिचा अभ्यास मागे पडत होता, तिथून ही कल्पना निघाली. तिची खरी कमाई पुढची आहे. तिने मोजून पाहिलं तेव्हा शक्ती एलईडीला पुरेशी निघाली, पण विभवांतर फारच कमी. मग मिलिव्होल्टांचे व्होल्ट करणारं छोटं सर्किट तिने शोधून जोडलं. हा टॉर्च खरोखर पेटतो. पण तो थंड हवेत जास्त चांगला पेटतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा 40 अंशांच्या वर असते आणि तळहात 34-35 वर. मग उष्णता तळहाताकडून हवेकडे जाणार की हवेकडून तळहाताकडे? वीज उलट्या दिशेने वाहणार! आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या सकाळी, हवा आणि तळहात नेमके सारखे झाले, की काहीच मिळणार नाही. अंग गरम आहे एवढ्याने भागत नाही. शेजारी थंड काय आहे, हा प्रश्न तितकाच मोठा आहे. माझ्या मते उन्हाळ्यात आपल्याकडे थंड बाजू म्हणून माठ चांगला. कोरड्या हवेत त्यातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा सहज दहा-बारा अंशांनी गार असतं.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग हे सगळं फुकटच. तसं नाही. ओहम यांचं उदाहरण मी म्हणूनच आधी दिलं.

मनगटावरचं क्वार्ट्झ घड्याळ मायक्रोवॅटच्या घरातली शक्ती घेतं. आपल्या 0.3 मिलिवॅटांत अशी शंभराच्या वर घड्याळं चालतील. सेको कंपनीने 1998 मध्ये असं अंगाच्या उष्णतेवर चालणारं घड्याळ बाजारात आणलंही होतं. तो व्हिडिओ घड्याळाबद्दल असता, तर मी मुकाट्याने अंगठा दाखवला असता.

दुसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. गॅसच्या काही ओव्हनमध्ये आणि पायलट ज्योतीच्या गीझरमध्ये ज्योतीच्या तोंडाशी एक थर्मोकपल असतं. ज्योत जळतेय तोवर त्यात वीस-तीस मिलिव्होल्ट तयार होतात आणि तेवढ्यावर एक छोटं विद्युतचुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतं. वाऱ्याने ज्योत विझली की थर्मोकपल थंड होतं, चुंबकाचा जोर जातो आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. घरातली लाइट गेली असली तरी हे चालतं, कारण राखणदार आपली भाकरी ज्योतीकडूनच घेतो.

तिसरं उदाहरण फार लांबचं. 1977 साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली. सूर्य इतका मागे पडला की तिथे सौर पट्ट्यांचा उपयोग नाही. त्यांच्यात प्लुटोनियम आपोआप तापत राहतं, बाहेर अवकाशाची थंडी, आणि मधे अशाच अर्धवाहकांच्या जोड्या. निघताना प्रत्येक यानात 470 वॅटच्या आसपास वीज होती. ती वर्षाला थोडी थोडी उतरते आहे, पण पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली तरी तिकडून संदेश येत राहिले. वंगण नाही, फिरणारा भाग नाही, दुरुस्तीला माणूस जाण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही लेड टेल्युराइडसारखे अर्धवाहक घेऊन उष्णतेपासून वीज देणारी उपकरणं तयार करण्याचं काम झालं आहे.

या तिन्ही ठिकाणी काय सारखं आहे? वीज थोडीच हवी आहे, पण ती सतत हवी आहे, आणि तिथे दुसरी सोय नाही.

आता मी माझ्या कारखान्याकडे येतो, कारण एक दुसरा धडा मला तिथे मिळाला. वीज काढल्यावर उरलेली उष्णता कुठे जाते, हे विचारायचं.

1950 साली लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याचा इतिहास इथे सांगायला नको. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात कारखाने उभे राहत गेले. त्यांत बगॅस जाळतात, वाफ करतात, ती वाफ टरबाइनमधून जाते आणि वीज होते. पण टरबाइनमधून बाहेर पडलेली वाफ फेकून देत नाहीत. तिच्यावर रस आटवतात. नुसत्या विजेसाठी उभारलेल्या औष्णिक केंद्रात निम्म्याहून जास्त उष्णता थंड पाण्यात आणि धुराड्यातून जाते. साखर कारखान्यात त्या ‘वाया’ जाणाऱ्या उष्णतेलाच तर साखर शिजवायची असते. त्यामुळे आधी थोडी वीज काढून घेतली तरी फारसं बिघडत नाही. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

हा हिशोब चार-पाच टक्के कार्यक्षमतेच्या चकतीला लावला की चित्र बदलतं. दुसऱ्या महायुद्धात रशियात लेनिनग्राडच्या योफे यांच्या संस्थेने जंगलात लपून लढणाऱ्यांसाठी एक पातेलं तयार केलं. बुडाला थर्मोकपल, खाली शेकोटी, आत पाणी. पाणी उकळेपर्यंत वायरलेस चालवण्याइतकी, म्हणजे दोन-चार वॅट, वीज मिळायची, आणि पाणीही तापायचं. पुढे 1950 च्या दशकात तिथे रॉकेलच्या दिव्यावर बसवायचं यंत्र निघालं. दिव्याचा उजेड खोलीत आणि त्याच्या उष्णतेवर रेडिओ. आपल्या शेजारी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी ‘लॅनस्टोव्ह’ केला. त्यात वीज नाही, पण विचार याच जातीचा आहे. एकाच ज्योतीवर घरात उजेडही पडतो आणि स्वयंपाकही होतो.

आता सांगा, आपल्या घरांत असं पातेलं कुठे होतं? न्हाणीघरात! तांब्याचा बंब. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. एका पत्र्याच्या या अंगाला विस्तव आणि त्या अंगाला गार पाणी. गरम आणि थंड इतकं शेजारी शेजारी दुसरीकडे कुठे मिळायचं?

बंबाचा हिशोब मी कागदावर केला, तो असा. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला 0.7 युनिट उष्णता लागते. त्यातली निम्मी जरी चकत्यांमधून पाण्यात गेली आणि त्यांनी तिच्यातली 4 टक्के विजेत बदलली, तर 14 वॅट-तास होतात. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीच्या पाण्यामागे जवळपास एक मोबाइल भरतो. मनगटावर जे पावणेसहा वर्षांत होत नव्हतं, ते बंबात अर्ध्या तासात! आणि चकतीतून पलीकडे गेलेली 96 टक्के उष्णता वाया जात नाही, ती आंघोळीच्या पाण्यातच उतरते.

पण इथेही पूर्ण हिशोब करू. अर्ध्या तासात एवढी उष्णता न्यायची, तर सात-आठ चकत्या लागतील. त्याही गाडीच्या फ्रिजमधल्या चालणार नाहीत. त्यांचं डाखकाम दीडशे अंशांच्या आतच वितळतं. जाळाजवळ टिकणाऱ्या चकत्या महाग पडतात. तेवढ्या पैशांत छपरावर सौर पट्टी बसते आणि आपल्या नगरच्या उन्हात ती रोज याच्या कितीतरी पट वीज देते. तेव्हा मोबाइल चार्ज करण्यासाठी कोणी बंबाला चकत्या लावायला निघालं, तर मी त्याला थांबवीन.

मग ही चकती आपल्याकडे कुठे शोभते? माझं उत्तर असं आहे की चुलीत, आणि तेही पंख्यासाठी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या आया चुलीपुढे बसून धूर खात मोठ्या झाल्या आणि म्हाताऱ्या झाल्या. त्यांचा खोकला आपण घरातला एक आवाज म्हणून ऐकला. 2016 पासून उज्ज्वला योजनेत सिलेंडर घरोघर गेले, हे चांगलं झालं. पण अकोल्याच्या डोंगराळ भागात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, गॅस जपून वापरतात. आंघोळीचं पाणी, गुरांचं खाणं, भाकरी, हे पुष्कळ घरांत अजून लाकडावरच होतं. धूर होतो कारण लाकडातून निघालेल्या वायूला पुरेशी हवा मिळत नाही. छोट्या पंख्याने योग्य जागी हवा मारली तर तो धूर जळून जातो आणि लाकूडही कमी लागतं. त्या पंख्याला लागते फक्त एक-दोन वॅट वीज. ती हवी कधी? चूल पेटलेली असेल तेव्हाच. पावसाळ्यात तिकडे दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, तारा तुटून लाइट जाते, पण चूल पेटतेच. चूल पेटली की पंखा फिरतो, विझली की थांबतो. गॅसच्या व्हॉल्व्हचा राखणदार तसाच हा. ही कल्पना माझी नाही. फिलिप्सने पंख्याची लाकडी चूल केली, बायोलाइट या अमेरिकन कंपनीने चुलीच्या उष्णतेवरच पंखा चालवणारी चूल विकली. अडचणीही आहेत. लाकूड बारीक तोडावं लागतं आणि ते काम पुन्हा बाईच्याच वाट्याला येतं. पंखा बिघडला तर गावात दुरुस्ती हवी. पातेलं मोठं असलं तर चूल पुरत नाही. पण हे सुटण्यासारखे प्रश्न आहेत. मनगटावर मोबाइल चार्ज करणं हा सुटण्यासारखा प्रश्न नाही. या दोहोंमधला फरक पोरांना ओळखता यावा, एवढंच मला म्हणायचं आहे.

तो फरक भाषणाने कळत नाही, मोजून कळतो. म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या बॅचने शाळेला काय भेट द्यायची, ही चर्चा जेवणाच्या वेळी होणार आहे. माझा प्रस्ताव असा, की इतर जे ठरेल ते ठरू दे, पण प्रयोगशाळेला दहा संच द्यावेत. प्रत्येक संचात एक साधा मल्टीमीटर, एक पेल्टिअर चकती, ॲल्युमिनियमचे पंख, दोन थर्मामीटर, हातभर तांब्याची तार आणि हातभर लोखंडी तार. मी दुकानांत विचारून आलो आहे, दहा संच दहा हजारांच्या आसपास होतात.

पहिला प्रयोग तारांचा. तांब्याची आणि लोखंडाची तार पीळ देऊन जोडायची, पीळ मेणबत्तीवर धरायचा आणि मीटरवर एखादा-दुसरा मिलिव्होल्ट वाचायचा. जोड फारच तापवला, तर आकडा वाढायचा थांबून उतरायला लागतो. तो का उतरतो, हे पोरांनी मास्तरांना विचारावं आणि मास्तरांनी लगेच सांगू नये.

दुसरा प्रयोग वर्षभराचा. एक जाड वही करायची. महिन्यातून एकदा, दुपारी दोन वाजता, व्हरांड्यात सावलीत चकती तळहातावर ठेवायची आणि तारीख, हवेचं तापमान, तळहाताचं तापमान आणि मिलिव्होल्ट लिहायचे. डिसेंबरात आकडा मोठा येईल. फेब्रुवारीनंतर लहान होत जाईल. मार्च-एप्रिलमध्ये कुठेतरी शून्याला लागेल आणि मे महिन्यात मीटरवर वजाचं चिन्ह येईल. कॅनडातल्या मुलांना त्यांच्या गावात हे सहज दिसणार नाही, आपल्या मुलांना आपल्या व्हरांड्यात दिसेल. आजच्या मुख्याध्यापकांची हरकत नसेल, तर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी स्वतः येईन. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि आपले सर गावातच आहेत. त्यांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, हे मला माहीत आहे. त्या एका नोंदीसाठी व्हरांड्याची किल्ली तेवढी आमच्याकडे ठेवावी, ही शेवटची विनंती करतो आणि थांबतो.